कान मोकळे करीत खाली : तारकर्लीचे पाच दिवस

पहिला दिवस : पुणे ते तारकर्ली

डिसेंबरातील एका बुधवारी पहाटे साडेपाच वाजता मी, माझे यजमान आणि आमची मुलगी असे तिघे कोथरूडहून निघालो. तारकर्लीला जाऊन स्कूबा डायव्हिंग करण्याचा बेत मुलीचा होता. तारखा मात्र मी ठरवल्या होत्या, आणि त्या सुट्ट्यांची यादी पाहून नव्हे, तर भिंतीवरचे पंचांग पाहून. अमावास्या-पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र यांची ओढ एका रेषेत येते, समुद्राला उधाण असते, प्रवाह जोरात वाहतात आणि तळाची वाळू ढवळली जाऊन पाणी गढूळ होते. अष्टमीच्या सुमारास हीच ओढ काटकोनात येते, भरती-ओहोटीतला फरक कमी होतो आणि पाणी त्या मानाने निवळते; कोकणात या दिवसांना भांग म्हणतात. मुक्कामाचा चौथा दिवस अष्टमीचा येईल, अशा बेताने मी खोल्यांचे आरक्षण केले होते. पुढे जे घडले ते पाहता या एका गोष्टीचे मला फार समाधान वाटते.

सातारा, कऱ्हाड, कोल्हापूर हा रस्ता सर्वांच्या ओळखीचा आहे. कोल्हापुरातून आम्ही भोगावती, राधानगरी, दाजीपूर असे करीत फोंडा घाटाने कोकणात उतरलो. घाट उतरताना दोन वेळा माझे कान दडले आणि आवंढा गिळल्यावर सुटले. एरवी ज्याची कोणी दखलही घेणार नाही अशी ही क्षुल्लक बाब मी मुद्दाम नोंदवून ठेवते आहे.

कणकवली, कसाल आणि मालवण मागे टाकून आम्ही दुपारी तीनच्या सुमारास तारकर्लीला पोहोचलो. आमचे रिसॉर्ट सुरूच्या बनात होते आणि खोलीच्या पायरीपासून शंभर पावलांवर पांढरी वाळू सुरू होत होती. संध्याकाळी मुलीने मला पडवीत बसवून उपकरणाची माहिती दिली. ती चाकणला मोटारींच्या कारखान्यात अभियंता आहे आणि तिला या विषयाची गोडी लागली ती एका झडपेमुळे. १९४३ साली फ्रान्समध्ये झाक कूस्तो आणि एमिल गान्यां या दोघांनी पाणबुड्याला लागेल तेव्हाच आणि लागेल तितकीच हवा देणारे उपकरण तयार केले. त्यातील गान्यां हे अभियंता होते आणि युद्धकाळात पेट्रोलच्या टंचाईमुळे मोटारी गॅसवर चालवण्यासाठी त्यांनी जी झडप बनवली होती, तीच पाण्याखाली श्वास घेण्याच्या कामी आली. हे सांगताना मुलीच्या आवाजात जो अभिमान होता, तो ऐकून मला तिच्या शिक्षणाचे सार्थक झाल्यासारखे वाटले. पाठीवरच्या सिलिंडरमध्ये ऑक्सिजन नसतो, तर आपण इथे घेतो तीच साधी हवा दाबून भरलेली असते, हेही मला त्याच संध्याकाळी कळले. बारा लिटरच्या सिलिंडरमध्ये दोनशे बारचा, म्हणजे भोवतालच्या हवेच्या सुमारे दोनशे पट दाब असेल, तर त्यात सुमारे २,४०० लिटर हवा मावते.

दुसरा दिवस : माघार

सकाळी आठ वाजता आम्ही मालवणच्या धक्क्यावर गेलो. ज्यांच्याकडे आम्ही नाव नोंदवले होते, त्यांचे नाव मी इथे देत नाही; पण त्या सकाळी जे चुकले ते स्पष्ट लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण मालवणला दरवर्षी हजारो माणसे आयुष्यात पहिल्यांदा पाण्याखाली उतरतात आणि त्यातील बहुतेकांना अशीच घाईची सकाळ वाट्याला येऊ शकते.

होडीत आम्ही अकरा जण होतो. आरोग्याचा अर्ज पुढे आला, त्यावर दमा, हृदयविकार, अपस्मार, कानाची शस्त्रक्रिया असे प्रश्न होते. परंतु तो वाचायच्या आत सही मागितली गेली. सूचना दिल्या त्या चालत्या इंजिनाच्या आवाजात, पाचच मिनिटांत. श्वास तोंडाने घ्यायचा, तो कधीही रोखून धरायचा नाही, अंगठा आणि तर्जनी जुळवून दाखवले तर ठीक आहे, अंगठा वर केला तर वर जायचे, आणि कान दुखला की नाक दाबून हवा फुंकायची. या शेवटच्या वाक्यातच खरी चूक होती. ती मला कळली दुसऱ्या दिवशी.

माझी पाळी चौथी होती. अंगाला घट्ट बसणारा वेट सूट, जाकीट, कमरेला शिशाची वजने, तोंडात सिलिंडरमधली हवा बेताने देणारा रेग्युलेटर असा सगळा साज चढवून मी सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या खडकाळ भागात पाण्यात उतरले. पाण्याची मला भीती नाही. लहानपणी टिळक तलावावर मी पोहायला शिकले आणि पुढे कित्येक उन्हाळे तिथे काढले. श्वासही लगेच जमला. मार्गदर्शकाने माझ्या सिलिंडरचा वरचा भाग धरून मला खाली नेण्यास सुरुवात केली आणि जेमतेम तीन मीटर गेलो असू, तेवढ्यात उजव्या कानात कोणी दाभण खुपसावे तशी कळ आली. मी नाक दाबून फुंकले, काही झाले नाही; आणखी जोराने फुंकले, तरी काही झाले नाही. मार्गदर्शक खालीच नेत होता, कारण कानाकडे बोट दाखवून पंजा हलवला की काहीतरी बिघडले आहे असा अर्थ होतो, हे मला कोणी सांगितले नव्हते आणि मी नुसतीच मान हलवत होते. शेवटी त्याचा दंड घट्ट धरून मी अंगठा वर केला आणि आम्ही वर आलो. उतरण्यापासून वर येण्यापर्यंत चार मिनिटेही गेली नव्हती.

मुलगी वीस मिनिटे खाली राहून आली. तिला आनंद झाला होता, पण तिने एक गोष्ट पाहिली होती आणि तिच्याने ती बोलल्याशिवाय राहवेना. मार्गदर्शकांनी पावाचे तुकडे खाली नेले होते आणि छायाचित्रात मासे भरगच्च दिसावेत म्हणून ते पर्यटकांच्या तोंडासमोर चुरले जात होते. एका गृहस्थांना तोल सावरण्यासाठी चक्क प्रवाळावर उभे केले गेले. प्रवाळ वाढतो तो वर्षाला काही मिलिमीटर, फार तर काही सेंटिमीटर. आणि त्यावर जी जिवंत कातडी असते, ती एका पावलाखाली चिरडते. दगडी सांगाडा करणारे सर्व प्रवाळ आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे कायद्याने त्यांना वाघाच्या पंगतीला बसवले आहे. मालवणचा हा परिसर १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, महाराष्ट्रातील पहिले. तिथे हे घडावे, याचे आम्हा तिघांनाही मनापासून वाईट वाटले.

दुपारचे जेवण मला गेले नाही. कान ठणकत होता आणि उद्या घरी जाऊ या, असे मी यजमानांना म्हणालेही. ते म्हणाले, "आधी कान दाखवू. मग ठरव."

तिसरा दिवस : शिकवणी

सकाळी मालवणमधील कान-नाक-घसा तज्ज्ञांनी कान तपासला. पडदा शाबूत होता, त्यावर लाली नव्हती, आतमध्ये पाणी साचलेले नव्हते. चोवीस तास जाऊ देऊन, कान पूर्ण मोकळा वाटत असेल तरच समुद्रात उतरा, आणि पुन्हा जरासे दुखले तरी वर या, असे त्यांनी बजावले.

तिथून आम्ही होडीने सिंधुदुर्गावर गेलो. शिवाजी महाराजांनी १६६४ च्या नोव्हेंबरात कुरटे बेटावर या किल्ल्याचा पाया घातला आणि तटबंदीच्या पायात शिसे ओतवले. चारी बाजूंनी खारे पाणी असताना आत दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या विहिरींना गोडे पाणी आहे. ते आम्ही ओंजळीने प्यालो. एरवी मी शिवराजेश्वराच्या मंदिरात बराच वेळ बसले असते. परंतु त्या दिवशी माझे पाय पुन्हा पुन्हा तटाकडे वळत होते. तटावरून खाली पाहिले की आदल्या दिवशी मी जिथून परत आले ते हिरवट पाणी दिसत होते आणि त्यात माणसे उतरत होती.

संध्याकाळी रिसॉर्टच्या व्यवस्थापकांनी एका प्रशिक्षकांची गाठ घालून दिली. ते तिथल्याच मच्छीमार घराण्यातले, चाळिशीच्या आसपासचे, अत्यंत शांत बोलणारे गृहस्थ होते. माझी हकिकत त्यांनी मध्ये न बोलता ऐकली आणि मग एकच प्रश्न विचारला : "काकी, नाक दाबलंत ते दुखण्याआधी की दुखल्यावर?"

दुखल्यावर, असे मी सांगितले. त्यांनी मान डोलावली आणि वहीच्या मागच्या पानावर कानाची आकृती काढून समजावले. पडद्याच्या मागे हवेची एक लहानशी खोली असते आणि तिथून घशाच्या मागच्या बाजूला एक बारीक नळी जाते. एरवी ही नळी मिटलेली असते. आवंढा गिळताना किंवा जांभई देताना ती क्षणभर उघडते. पाण्यात दहा मीटर खाली गेले की दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो, म्हणजे बंद जागेतली हवा आकसून निम्मी होऊ पाहते. त्याहून पुढच्या दहा मीटरांत ती निम्म्यावरून तिसऱ्या हिश्शावर येते, म्हणजे बदल तितका मोठा राहत नाही. म्हणून कानाला सर्वात कठीण जातात ते पहिले काही मीटर, आणि नवखा माणूस नेमका तेच घाईने उतरतो. घशातून वेळेवर हवा पोहोचली नाही, तर बाहेरच्या दाबाने पडदा आत ढकलला जातो. आणि फरक एका मर्यादेपलीकडे गेला की त्याच दाबाने नळीचे तोंडही घट्ट मिटते. मग कितीही जोराने फुंकले तरी ती उघडत नाही, उलट आतल्या कानाला इजा होण्याची भीती असते. अशा वेळी एकच उपाय उरतो, तो म्हणजे थोडे वर येणे.

"दार आतून लावून घेतल्यावर धडका मारून उपयोग नाय. ते लागायच्या आधीच उघडत ऱ्हवायचं," असे ते म्हणाले. इतकी साधी गोष्ट आदल्या दिवशी कोणी सांगितली असती तर, हा विचार माझ्या मनात आल्यावाचून राहिला नाही.

त्यानंतर तासभर त्यांनी मला पोहण्याच्या तलावात सराव दिला. पाय खाली, डोके वर, एका दोरीला धरून एक हात उतरायचे, थांबायचे, नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचे, दोन्ही कानांत "टक्" असे झाले की पुढचा हात. मास्कमध्ये थोडे पाणी येऊ देऊन, वरची कड दाबून, नाकाने श्वास सोडत ते बाहेर काढायचे. रेग्युलेटर तोंडातून काढून पुन्हा लावायचा आणि लावल्यावर आधी श्वास सोडायचा, मग घ्यायचा. वर येताना श्वास का रोखायचा नाही, तेही त्यांनी सांगितले : खाली दाबलेली हवा वर येताना फुगते, आणि तिला बाहेर जाण्याची वाट मिळाली नाही तर फुप्फुस फाटू शकते. माझे मत असे झाले आहे की, ज्या ठिकाणी हा तासभराचा सराव मिळत नाही, तिथे कोणीही उतरू नये, मग दर कितीही कमी असो.

चौथा दिवस : खाली

पहाटे सहा वाजता किनाऱ्यावर रापण ओढणे चालू होते. पंचवीस-तीस माणसे दोन रांगांत उभी राहून, पाय वाळूत रोवून, लयीत दोर खेचत होती आणि जाळ्याचा अर्धगोल हळूहळू आवळत होता. आमचे प्रशिक्षकही त्या दोराला लागले होते. "आज भांग असा. पाणी बरा असतला," असे त्यांनी मला पाहून सांगितले. न्याहारीला मी दोनच घावणे खाल्ले.

या वेळी होडीत आम्ही चौघेच होतो आणि नांगर टाकून इंजिन बंद केल्यावरच बोलणे सुरू झाले. हातवारे दोनदा म्हणून घेतले गेले. पाव नव्हता, बिस्कीट नव्हते. साडेनऊला मी आणि प्रशिक्षक पाण्यात उतरलो.

नांगराचा दोर माझ्या डाव्या हातात होता. एक हात खाली, नाक चिमटीत, टक्. आणखी एक हात, टक्. दुसऱ्या मीटरला उजवा कान सुटला नाही. मी बोटाने तो दाखवला, पंजा हलवला, आणि ते लगेच थांबले. आम्ही अर्धा मीटर वर आलो, मी मान डावीकडे कलवून पुन्हा फुंकले आणि कानात पाण्याचा बुडबुडा फुटावा तसा आवाज होऊन तो मोकळा झाला. प्रशिक्षकांनी अंगठा आणि तर्जनी जुळवून विचारले. मीही तसेच उत्तर दिले. ज्या तीन मीटरवरून मी परत आले होते, ते कधी मागे गेले ते मला समजलेच नाही. तळाला हात लागेल इतक्या अंतरावर आलो तेव्हा त्यांच्या मनगटावरच्या यंत्रात साडेसहा मीटरचा आकडा होता.

आधी जाणवतो तो आवाज. आत घेतलेला श्वास रेग्युलेटरमधून घरघरत येतो आणि सोडलेला बुडबुड्यांच्या खळखळाटासह कानांजवळून वर जातो. याशिवाय जे काही ऐकू येते त्याची दिशा कळत नाही, कारण पाण्यात ध्वनी हवेच्या चौपटीहून अधिक वेगाने धावतो आणि दोन्ही कानांवर जणू एकाच क्षणी आदळतो. दूर कुठे तरी एक होडी गेली आणि ती माझ्या डोक्याच्या आतूनच गेली असे मला वाटले. मनगटावरचा लाल दोरा तपकिरी, मळकट दिसत होता; पाण्यात सर्वात आधी लाल रंग शोषला जातो. दृश्यमानता पाच-सहा मीटर होती, त्यापलीकडे सगळे हिरवट धुक्यात विरघळत होते.

खडकावर प्रवाळ होते, काही मेंदूच्या वळ्यांसारखे, काही नुसते पिवळट गोलसर धोंडे वाटावेत असे. मी एका धोंड्याजवळ हातभर अंतरावर तरंगत राहिले. पृष्ठभागावर सुईच्या टोकाने टोचल्यासारखी शेकडो बारीक छिद्रे होती आणि प्रत्येक छिद्रात एकेक जीव बसलेला आहे हे ठाऊक असल्यामुळे मी पाय मागे घेऊन गुडघ्यात वाकवून धरले. निळसर हिरवा एक पोपटमासा आला, चोचीने खडक खरवडू लागला, आणि तो खरवडण्याचा कर्रकर्र आवाज मला स्वच्छ ऐकू आला. दगडाचा जो भुगा त्याच्या पोटात जातो, तो वाळू होऊन बाहेर पडतो.

मग प्रशिक्षकांनी माझ्या खांद्यावर हलकेच हात ठेवून खडकाच्या एका उभ्या बाजूकडे बोट दाखवले. तिथे तळहाताएवढ्या जागेवर जांभळट मखमलीचा तुकडा चिकटवल्यासारखे काही होते आणि त्याच्यासमोर पिवळ्या पाठीचा, काळ्या पट्ट्यांचा एक मासा येरझारा घालत होता. याला इंग्रजीत सार्जंट मेजर म्हणतात. तो नर होता आणि ती मखमल म्हणजे त्याने राखलेली अंडी होती. मादी अंडी घालून निघून जाते. अंडी फुटेपर्यंत राखण करतो तो नर. त्याने दोन वेळा पंखांनी अंड्यांवर पाणी वारले. एक लहान मासा जवळ येताच त्याने त्याला हाकलून दिले, परत जागेवर आला, आणि नंतर तोंड माझ्याकडे करून माझ्या मास्कच्या काचेवर धावून आला. मास्कमधून वस्तू खऱ्यापेक्षा मोठी आणि जवळ दिसते. तो मला वीतभर वाटला, प्रत्यक्षात त्याहून बराच लहान असणार. एवढ्याशा जिवाने माझ्यासारख्या प्रचंड आणि बुडबुडे सोडणाऱ्या प्राण्याला अडवले. मी हळूच मागे सरकले आणि तो पुन्हा येरझारा घालू लागला.

वर आल्यावर प्रशिक्षकांनी सांगितले की पाव टाकला की आजूबाजूचे धटिंगण मासे गोळा होतात, आणि पाव संपला की त्यांना दिसतात ती ही अंडी. दोन दिवसांपूर्वी मुलीने पाहिलेल्या त्या छायाचित्रांच्या गर्दीचा हा अर्थ ऐकून ती होडीच्या काठावर बराच वेळ गप्प बसून होती.

आम्ही एकंदर चोवीस मिनिटे खाली होतो. वर येतानाही दोरालाच धरून, आपल्याच लहानात लहान बुडबुड्यांच्या मागे राहून, सावकाश आलो. डोके पाण्याबाहेर निघाल्यावर पहिली हाक ऐकू आली ती यजमानांची : "कान?" मी दोन्ही कानांना हात लावून हसले.

संध्याकाळीच पुण्याला निघावे, असे यजमानांच्या मनात होते. प्रशिक्षकांनी त्यांना थांबवले. डायव्हिंगनंतर लगेच विमानाने जाऊ नये, कारण दाबाखाली शरीरात विरघळलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडावा लागतो, हे मुलीला माहीत होते. एका साध्या डुबीनंतर किमान बारा तास आणि अनेक डुब्या घेतल्या असतील तर अठरा तास थांबावे, असे मार्गदर्शन आहे. परंतु हे मार्गदर्शन साधारण सहाशे मीटरपासून पुढच्या उंचीसाठी असते, फोंडा घाटाचा माथा त्याच्या आसपास भरतो आणि आमचे पुणेही साडेपाचशे मीटरांवर आहे, हे आमच्यापैकी कोणाच्याच ध्यानात आले नव्हते. साडेसहा मीटरच्या एका डुबीने काही होण्याची शक्यता फार थोडी, तरी रात्र इथेच काढा, असे ते म्हणाले. आम्ही ते मानले. रात्री सुरमई आणि सोलकढी होती.

पाचवा दिवस : परत

सकाळी सातला निघालो. प्रशिक्षक निरोप द्यायला फाटकापर्यंत आले होते. मी त्यांना काही देऊ केले तेव्हा त्यांनी ते घेतले नाही. पुण्यात कोणी मालवणला जायचे म्हणाले तर त्यांना पाव घेऊ नका एवढे सांगा, असे ते म्हणाले.

कणकवली सोडल्यावर फोंडा घाट लागला. चढ सुरू झाला तसे मी बोलणे थांबवले आणि कानांकडे लक्ष दिले. वर चढताना आतली हवा फुगते आणि त्या नळीतून आपली आपण बाहेर पडते, त्यासाठी काही करावे लागत नाही. तिसऱ्या वळणावर डावा कान सुटला. उजवा दाजीपूरच्या अलीकडे, चहासाठी गाडी थांबवली तेव्हा, मी पहिला घोट घेत असताना टक् करून मोकळा झाला, आणि टपरीवरच्या स्टोव्हचा आवाज एकदम मोठा झाला.